ताईचा पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर

तमाम जनतेस, आणि विशेषतः रहाटणीतल्या आमच्या सोसायटीच्या बी विंगमधील रहिवाशांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरातील जेवणाचे टेबल एका ऐतिहासिक कार्यासाठी पुढील सूचना मिळेपर्यंत ताब्यात घेण्यात आले आहे. त्यावर पोळ्यांचा डबा ठेवू नये. त्यावर मेथी निवडू नये. त्याच्या जवळून ओढणी, ओला टॉवेल आणि स्वतःचं मत घेऊन कोणीही जाऊ नये.

हे निवेदन मी खुर्चीवर उभं राहून, एक हात छातीवर ठेवून वाचून दाखवलं. श्रोतृवर्गात एकटी बायको होती. चहाचा कप हातात धरून तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "खुर्चीपण ताब्यात घेतलीय का? नसेल तर उतरा, मला बसायचंय."

टेबलावर एक कॉम्प्युटर होता. हल्लीचा नव्हे, माझ्या शाळेच्या काळातला. बटणांची एक जाड, पिवळट पडलेली पेटी, एवढंच त्याचं रूप. सगळा कारभार त्या पेटीत. स्वतःचा पडदा नाही. मागून वायर काढून घरच्या टीव्हीला जोडायची. चालू केला की टीव्हीवर दोन ओळी उमटतात, खाली एक बारकी रेघ लुकलुकत राहते आणि स्वारी थांबते. पुढे काय करायचं ते आपण सांगायचं, इंग्रजीत, ओळीओळीने. चित्रं नाहीत, माउस नाही, लाडीगोडी नाही.

तो मी चिंचवडच्या एका निवृत्त गृहस्थांकडून आणला. त्यांनी तो जुन्या चादरीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर ठेवला होता. देताना त्यांचा चेहरा लेकीची पाठवणी केल्यासारखा झाला.

"चालतो ना?" मी विचारलं.

"ठेवला तेव्हा चालत होता," ते म्हणाले.

हे वाक्य मला आश्वासन वाटलं. चाकणच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला ते तसं वाटायला नको होतं. आमचे सप्लायरही शब्दशः हेच म्हणतात: "आमच्या गेटातून निघाला तेव्हा माल ओके होता, साहेब." आणि मी त्यांना मान वर न करता माल परत पाठवतो. इथे मात्र मी ती पेटी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो. घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. बायको म्हणाली, "कॉम्प्युटर आणलात का कोणाची ट्रंक?"

आता हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं, ते सांगायला हवं. ते ताईमुळे शिरलं.

ताई माझी थोरली बहीण. आम्ही पिंपरीत वाढलो, वडील कंपनीत, घर चाळीत. आमच्या शाळेत सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला. अख्ख्या शाळेला एक. त्याच्यासाठी वेगळी खोली काढली, खिडक्यांना पडदे लावले. खोलीबाहेर चपला काढायच्या, ज्यांना चपला होत्या त्यांनी. शिवणाच्या बाईंनी त्याला मोराचं भरतकाम केलेलं कव्हर शिवलं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडला. एवढा मान मिळाल्यावर त्याला हात लावायची कोणाची छाती होणार? मुलांना तो शिकवायचा तर होता, पण मुलांची बोटं त्याला लागू द्यायची नव्हती.

विज्ञानाच्या सरांनी यावर तोडगा काढला. प्रत्येकाने घरून शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा आणायचा, त्यावर स्केचपेनने बटणं काढायची आणि त्याच्यावर टाइप करायचं. मी खालच्या वर्गात होतो, खिडकीतून बघायचो. वर्गभर पोरं पुठ्ठ्यावर बोटं आपटतायत आणि सर पट्टी घेऊन रांगांमधून फिरत ओरडतायत, "जोरात दाबू नको, बिघडेल!"

अशात बातमी आली की शिक्षण खात्यातले कोणी मोठे साहेब शाळेला भेट देणार आहेत. त्यांच्यासमोर एका विद्यार्थ्याने कॉम्प्युटर चालवून दाखवायचा. ताईची निवड झाली. सरांनी तिला एक प्रोग्रॅम पाठ करायला दिला. साहेबांचं स्वागत करणारा. शाळेतून आली की ती चाळीसमोरच्या विहाराच्या पायरीवर बसायची, मांडीवर पुठ्ठा घ्यायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोटं चालवायची. बघून टाइप करायचं नाही, अशी सरांची शिस्त. पाण्याला जाणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, "काय गं, पेटी वाजवती का?" ताईची बोटं थांबायची नाहीत. चूक झाली की परत पहिल्यापासून सुरुवात.

साहेब आले. ताईच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, घासून धुतलेले पाय. आणि ऐन वेळी हेडमास्तरांचा धीर सुटला. पोरीने काही भलतंच दाबलं आणि यंत्र बसलं तर? त्यांनी मोराचं कव्हर वर उचललं, साहेबांना कॉम्प्युटर दाखवला आणि कव्हर परत खाली सोडलं. साहेब म्हणाले, "वा, स्वच्छ ठेवलाय." मग चहा झाला आणि साहेब गेले. ताई दाराशी उभी होती ती उभीच राहिली.

पुढे ती बारावीनंतर भोसरीच्या एका कंपनीत कॉइल गुंडाळायच्या कामाला लागली. लग्न झालं, मुलगी झाली, कंपनी बंद पडली. खऱ्या कॉम्प्युटरशी तिची गाठ कधी पडलीच नाही. पण आमच्या घरात तो पुठ्ठा अमर झाला, आणि त्याचं श्रेय दाजींना. दाजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस लाख मोलाचा, जीभ मात्र भंगारातली, कुठे कापेल नेम नाही. कुठे एटीएम अडलं, फोन बंद पडला की त्यांचं ठरलेलं: "आमच्या हिला बोलवा. हिला येतो कॉम्प्युटर. पुठ्ठ्यावरचा." सगळे हसायचे. ताईपण हसायची, थोडी उशिरा.

तर मध्ये ताईच्या मुलीचं डोहाळजेवण झालं. त्या गडबडीत दाजींनी तो विनोद पुन्हा एकदा वाढला. सगळे पांगल्यावर ताई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "एक सांगू? मला एकदा बघायचंय रे. मी ते इतकं केलं, ते खरंच काही होतं का नुसती बोटं बडवत होते?"

आणि मग ती बंगळुरूला निघणार असं ठरलं. लेकीच्या बाळंतपणाला, आणि पुढे नात किंवा नातू सांभाळायला. परत कधी, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. सोमवारची गाडी. मी तिला त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी जेवायला बोलावलं आणि छाती ठोकून सांगितलं, "त्या दिवशी तुझा प्रोग्रॅम चालवायचा. खऱ्या मशीनवर."

फोनवर तिने आधी गाडीची वेळ पुन्हा एकदा सांगितली. मग ती म्हणाली, "तुझ्या दाजींना आणू का नको?"

"आण की. त्यांच्याशिवाय मजा नाही."

असा मी शब्द देऊन बसलो. आता ऐका माझे हाल.

पहिला अडथळा टीव्ही. आमचा टीव्ही भिंतीवरचा, चपटा, शहाणा. त्याला आवाज दिला तर तो गाणी लावतो, हवामान सांगतो. पण या म्हाताऱ्याची वायर जोडली की निळं तोंड करून एकच पालुपद: सिग्नल नाही. मी वायर काढली, फुंकली, पुन्हा खोचली. सिग्नल नाही. सगळी चॅनेलं शोधायला लावली. त्याने शोधली आणि तत्परतेने कळवलं की सिग्नल नाही. मी त्याच्याशी प्रेमाने बोललो, मग त्याच्या आईवडिलांविषयी बोललो. बायको आतून म्हणाली, "तो तुमचं ऐकून स्वयंपाकाचे व्हिडिओ लावेल हं."

कंपनीत मी हे दुःख कँटीनच्या टेबलावर मांडलं आणि ती माझी घोडचूक ठरली. आमच्याकडे कोणताही बिघाड झाला की का झाला, त्याचं कारण का, त्याचं पुन्हा कारण का, असं पाचदा 'का' विचारत मुळापर्यंत जायची पद्धत आहे. माझी आमटी निवेपर्यंत सगळं खातं 'का' विचारत होतं. "टीव्हीला सिग्नल का मिळत नाही? कॉम्प्युटर जुना आहे. जुना का आहे? साहेबांनी विकत घेतला. साहेबांनी का घेतला?" इथे सगळे माझ्याकडे बघून थांबले आणि मूळ कारण सापडल्याबद्दल एकमेकांना टाळ्या दिल्या.

मेंटेनन्समधला एकजण मात्र गंभीर होता. मूळचा बीडकडचा, राहायला महाळुंग्यात कंपनीजवळच्या खोलीवर. म्हणाला, "साहेब, एवढं कशाला टेन्शन घ्यायलात? जुना डबडा टीव्ही लागतोय याला. माझ्या खोलीवर हाय की. त्याच्यावर आम्ही तांदळाचं पोतं ठेवायलोत."

तो टीव्ही आणणं हे वेगळंच प्रकरण. जुने टीव्ही काचेचे नसून बिडाचे असावेत. माझ्या गाडीची मागची सीट त्याने एकट्याने व्यापली. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मध्ये आम्ही असे अडकलो की शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "काय राव, मॅच बघत बघत जाताय काय?" सोसायटीत लिफ्टजवळ वॉचमनने विचारलं, "साहेब, मुव्हर्स पॅकर्स बोलावले का?" टीव्ही घरात आला. त्याच्या जाळीतून तांदळाचे चार दाणे माझ्या जमिनीवर पडले. ते मी शुभशकुन मानले.

वायर जोडली. मेंटेनन्सवाला जमिनीवर मांडी घालून टीव्हीची बारकी चकती फिरवत बसला. मुंग्या, मुंग्या, एक तिरपी रेघ, पुन्हा मुंग्या. आणि अचानक, धुक्यातून एसटी यावी तशा दोन ओळी समोर आल्या. खाली लुकलुकणारी रेघ. मी दोन्ही हात वर करून स्वयंपाकघरापर्यंत नाचत गेलो आणि परत आलो.

परत येईपर्यंत 'फट्' झालं.

पेटीच्या डाव्या अंगाने पांढरा धूर निघाला. थोडाथोडका नाही, डास मारायची गाडी गेल्यासारखा. बायको नाकाला पदर लावून आली. "सुकट भाजताय का?" मी धावत जाऊन प्लग उपटला. मेंटेनन्सवाला जागचा हलला नव्हता. तो समाधानाने म्हणाला, "कंडेन्सर गेला. बरं झालं, आत्ताच गेला. मागाहून जाण्यापरीस."

कंडेन्सर म्हणजे वीज आत येते तिथे बसलेली एक चिमुकली वडी. तिला नवी बहीण आणायला मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेलो. पहिल्या दुकानदाराने जळलेला तुकडा चिमटीत धरला, वास घेतला आणि पंख्याचा कंडेन्सर पुढे केला.

"हा पंख्याचा आहे."

"हो. जोरात फिरेल."

"पण मला काही फिरवायचं नाहीये."

"मग कशाला घेताय?" असं म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. दुसऱ्याने सांगितलं की ही वस्तू आता येत नाही. तिसऱ्याने सांगितलं की ही वस्तू कधी येतच नव्हती. शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात ती मिळाली, आणि त्या माणसाने माझ्याकडे इतक्या करुणेने बघितलं की मी पाया पडायचा राहिलो.

मेंटेनन्सवाल्याने पुन्हा घरी येऊन वडी बसवली. धूर नाही. ओळी उमटल्या. आता बटणं. काही बटणं दाबली की आत जायची आणि वर यायचं विसरायची. मी त्यावर विचार करत स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो. ही माझी दुसरी घोडचूक. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत कुठल्याही यंत्राच्या कुठल्याही रोगावर एकच औषध आहे: गंज सोडवायचा तेलाचा स्प्रे. दार कुरकुरलं, मारा स्प्रे. नट अडकला, मारा स्प्रे. मी दोन कप घेऊन बाहेर आलो तेव्हा आमच्या भिडूने सगळ्या बटणांवर, काठाकाठाने, मायेने स्प्रे मारला होता आणि आता तो फडक्याने ते पुसत होता.

"कंपनीचाच हाय, साहेब. ओरिजिनल."

मी दोन्ही कप आधी लांब खिडकीत नेऊन ठेवले. ओरडलो असतो तर हातातला चहाही त्याच पेटीवर सांडला असता.

त्या दिवसापासून 'ई' हे अक्षर एकदा दाबलं की टीव्हीवर ओळीने पाच-सहा यायचे, आणि 'ए' दाबला तर काहीच यायचं नाही. आठवडाभर कंपनीतून आलो की मी टेबलावर. एकेक बटण उपटायचं, स्पिरिटने पुसायचं, बायकोच्या कान कोरायच्या काड्यांनी खाचा साफ करायच्या. सगळी बटणं स्टीलच्या ताटात. एकदा बायकोने ते ताट पोह्यांसाठी उचललं आणि माझ्या किंकाळीने शेजारचे काका दारात आले. एक बटण फरशीवरून घरंगळलं ते कायमचं गेलं. तो 'क्यू' होता. साहेबांच्या स्वागतात 'क्यू' लागत नाही, याबद्दल मी इंग्रजी भाषेचा आजन्म ऋणी आहे.

आम्ही दोघं तो आठवडा जमिनीवर बसून जेवलो. "माझ्या माहेरी जमिनीवरच जेवायचे," बायको एक दिवस म्हणाली, "म्हणूनच मला टेबलवाल्या घरात दिली होती."

रविवारी सकाळी मी सगळी बटणं एक एक करून तपासली, जसा माल ट्रकवर चढण्याआधी तपासतात तशी. 'ई' एकदा दाबला, एकदाच उमटला. 'ए' उमटला. माझ्या सहीनिशी माल ओके.

ताई आणि दाजी आले. ताई खास बाहेर घालायची साडी नेसून आली होती. आल्या आल्या ती मोरीत गेली आणि हात साबणाने धुतले. पुन्हा एकदा धुतले. पदराला पुसून टेबलाशी आली तेव्हा तिने कॉम्प्युटरकडे बघितलंच नाही. आधी टीव्हीकडे, मग माझ्याकडे, मग मटणाच्या वासाकडे.

"आधी जेवून घेऊ या का?" ती म्हणाली.

"आधी हे. मग जेवण."

दाजी खुर्ची ओढून ऐटीत बसले. "मेव्हणे, पुठ्ठा आणला नाही का? हिला सवय त्याची."

मी कळ दाबली. पेटी 'टूं-टीं' करून जागी झाली. टीव्हीवर दोन ओळी, लुकलुकती रेघ. ताईने बोटं बटणांवर ठेवली आणि लगेच उचलली. "ही खाली जातात," ती म्हणाली. पुठ्ठ्यावरची जात नव्हती.

मग तिने मान वर केली, समोरच्या भिंतीवरच्या आमच्या कॅलेंडरवर नजर लावली आणि सुरू झाली.

मी माझ्या आयुष्यात असं काही बघितलं नाही. ती बोटं कॉइल गुंडाळून गुंडाळून सांध्यांत जाड झालेली, पण चालत होती अशी, की जणू काल संध्याकाळीच पायरीवरून उठली होती. आकडा, मग शब्द, मग दुहेरी अवतरण, मग साहेबांचं स्वागत. मधूनमधून ती उजव्या हाताने टेबलावर हलकी थाप मारायची आणि पुढे जायची. मला वाटलं घाबरलीय, चाळा करतेय. मी पाण्याचा ग्लास तिथून हलवला. माझे डोळे अक्षरांवर. 'ई' एकदाच येतोय ना? 'ए' येतोय ना? येत होते! टीव्हीवर अक्षरांची फौज भरत चालली होती.

आणि मध्येच पेटी ओरडली. 'टूं.'

ताईने पुढचं बटण दाबलं. 'टूं.' आणखी एक. 'टूं.' अक्षर उमटेना. प्रत्येक बटणाला नुसता तो एक ओरडा.

"पुठ्ठा निदान बोंबलत तरी नव्हता," दाजी म्हणाले.

ताईने हात तव्यावरून उचलावेत तसे उचलले आणि मांडीत लपवले. "मी बिघडवला?"

"नाही गं! तेल राहिलंय आत कुठेतरी. एक मिनिट."

मी पेटी बंद केली, झाकण काढलं, स्पिरिट, काड्या, फुंकर. पुन्हा चालू. ताई पुन्हा पहिल्यापासून. भिंत, बोटं, थाप, बोटं, थाप. आणि साधारण तिथेच आल्यावर पुन्हा 'टूं'. मी पेटीला हात जोडले. शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या हातात तो तेलाचा स्प्रे असता तर मीही मारला असता. मी मेंटेनन्सवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, एकदा जरा ठोकून बघा की बाजूनं." मी ठोकून बघितलं. 'टूं.'

आत मटण गार होत होतं. बायको दोनदा दारात येऊन गेली. दाजींचे विनोद संपले होते, आणि ते जास्तच वाईट होतं.

"राहू दे रे," ताई म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, भाजी परत घेऊन जायला सांगावं तसा. "बांध ती पेटी. माझ्यासाठी बिचारीची कशाला उघडझाप करतोस. मला कळलं ना आता. नुसती बोटंच होती ती."

"ताई, एकदा. शेवटचं."

"तू म्हणतोस म्हणून."

ती पुन्हा सुरू झाली. या वेळी भिंतीकडे न बघता, खाली मान घालून, कंटाळलेल्या कारकुनासारखी. आकडा, शब्द, थाप. आकडा, शब्द, थाप. बायको एका हातात डाव, दुसरा हात कमरेला, अशी मागे उभी होती. तिला ना पेटीशी देणंघेणं होतं ना अक्षरांशी. टेबल तिचं, तिचं लक्ष टेबलावर.

"ताई, तुम्ही टेबलावर थाप कशाला मारताय?"

"ओळ संपली ना," ताई म्हणाली आणि पुढची थाप मारली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सरांनी सांगितलं होतं. ओळ संपली की इथं, बाकावर थाप मारायची आणि खालच्या ओळीला जायचं." तिने आमच्याकडे बघितलं. "पुठ्ठा तिथं संपायचा. शर्टाचा पुठ्ठा केवढा असतो? कडेची बटणं मावतच नव्हती. सर म्हणाले, एवढंच राहिलंय ना, ते बाकावर मारा."

मी तिचा हात जिथे पडला होता तिथे बघितलं. त्याच्या अलीकडेच, पेटीच्या उजव्या काठाला, सगळ्यांत रुंद बटण होतं. ओळ संपली हे यंत्राला सांगायचं बटण. ते दाबल्याशिवाय कॉम्प्युटर बिचारा काही करूच शकत नाही. बाई बोलतेय म्हणून ऐकत राहतो, ऐकत राहतो, आणि पोट भरलं की ओरडतो. तेल नव्हतं, धूळ नव्हती. मशीन ठणठणीत होतं. आणि अक्षरं एकाच लांबलचक ओळीत सलग चालली आहेत हे माझ्या नाकासमोर टीव्हीवर दिसत होतं, पण मी एकेक 'ई' मोजत बसलो होतो.

"ताई," मी म्हणालो, "थाप इथं मार."

तिने त्या बटणाकडे संशयाने बघितलं. "हे मी कधी दाबलं नाही."

"कोणीच दाबलं नाही. तुमच्या अख्ख्या वर्गाने नाही."

दाजी खुर्ची पुढे ओढून बसले. 

मी पडदा साफ केला. ताईने पहिली ओळ टाइप केली. तिचा हात सवयीने टेबलाकडे गेला, हवेत थांबला, परत आला आणि त्या बटणावर पडला. रेघ टुणकन खालच्या ओळीवर गेली. "गेली!" बायको म्हणाली. दुसरी ओळ. हात पुन्हा टेबलाकडे, पुन्हा परत. चौथ्या-पाचव्या ओळीला हात भटकायचा थांबला. आता ती पुन्हा भिंतीकडे बघत होती. पेटी एकदाही ओरडली नाही. शेवटच्या ओळीत सरांनी तिच्याकडून 'परत पहिल्या ओळीवर जा' असा हुकूम पाठ करून घेतला होता, साहेबांचं स्वागत कुठे कमी पडू नये म्हणून. तीही झाली.

मग राहिला एकच शब्द, चालव असं सांगणारा. तीन अक्षरं. तिने ती दाबली आणि थांबली. रुंद बटणावर बोट ठेवून, न दाबता. आत भाताच्या कुकरची वाफ सुटत होती. "नाही चाललं तर?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"तर मटण आहे," दाजी म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेला तो सगळ्यांत मऊ शब्द असेल.

तिने दाबलं.

टीव्हीवर इंग्रजी अक्षरं उमटली, मोठ्ठी, किंचित थरथरती. वेलकम रिस्पेक्टेड सर. खाली: अवर स्कूल इज व्हेरी ग्रेटफुल. त्याखाली: काइंडली टेक युअर सीट. आणि लगेच पुन्हा, वेलकम रिस्पेक्टेड सर. पुन्हा शाळा कृतज्ञ. पुन्हा, कृपया बसून घ्यावे. ओळी खालून वर, खालून वर, पडदाभर, थांबायचं नाव नाही. सरांनी परत जायला शिकवलं होतं. थांबायला शिकवलं नव्हतं.

दाजी उठून उभे राहिले, का ते त्यांनाही कळलं नसावं. बायकोच्या हातातला डाव तसाच. थांबवायचं बटण मला ठाऊक होतं, डाव्या कोपऱ्यात, माझ्या बोटापासून वीतभर. मी हात मागे बांधून घेतले.

ताई खुर्चीच्या काठावर, दोन्ही हात गालांवर. ओठांनी एकेक ओळ वाचत होती. वेलकम रिस्पेक्टेड सर. काइंडली टेक युअर सीट. काइंडली टेक युअर सीट. काइंडली टेक युअर सीट. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून दाजी पुढे झाले, तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी गळेस्तोवर. आणि मग तिने टीव्हीपुढे हात नाचवला आणि सगळ्या बी विंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अहो बसा की एकदाचे साहेब, किती मान द्यायचा माणसानं!"